बायोडाटातील एक ओळ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे शाळेच्या वाटचालीचा आढावा मागितला होता. इतिहासाचा शिक्षक म्हणून तो मला लिहिता आला असता. परंतु ते काम माझ्याहून ज्येष्ठ सहकारी अधिक अधिकाराने करतील. मला येथे एका निराळ्या गोष्टीची नोंद करून ठेवायची आहे. आपली एक माजी विद्यार्थिनी कायद्याचे शिक्षण घेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईच्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये चार आठवडे काम करून आली. त्या निमित्ताने मी तिला एक सल्ला दिला होता आणि तो चुकीचा होता. तिची परवानगी घेऊन हे लिहीत आहे. तिचे नाव देत नाही.

तिचे वडील गुहागर आगारात एस.टी.चे मेकॅनिक. पाचवीत ती आपल्या वसतिगृहात आली तेव्हा रात्री घरची आठवण काढून रडणाऱ्या मुलींपैकी एक होती, आणि दहावीत वक्तृत्व स्पर्धेची ढाल घेऊन येणारीही तीच. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तिने मुंबईत पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. चौथ्या वर्षाच्या दिवाळीत तिचा फोन आला.

"सर, जय भीम. एक विचारायचं होतं. लॉ फर्मला अर्ज करतेय. बायोडाटात शाळेचं नाव टाकू का?"

प्रश्न मला लगेच कळला. तिचे आडनाव कोकणात सर्व समाजांत आढळणारे आहे. त्यावरून कोणाला काही उमगत नाही. आपल्या शाळेच्या नावात मात्र तथागतांचे नाव आहे. पुढे 'निवासी विद्यालय, हेदवी' असे आले की वाचणाऱ्याला आणखी काही विचारावे लागत नाही. मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "दहावीचे टक्के लिही, पुढे राज्य मंडळ असं लिही. शाळेचं नाव कुणी मागत नाही."

ती "बरं सर" म्हणाली. पण त्या "बरं"मध्ये होकार नव्हता, हे इतकी वर्षे मुलांची उत्तरे ऐकणाऱ्या माणसाला ओळखता येते.

हा सल्ला मी का दिला, हे आधी सांगतो. पहिली नोकरी लागली तेव्हा मी दुसऱ्या तालुक्याच्या गावी भाड्याची खोली शोधत होतो. घरमालकांनी चहा दिला, शिक्षण विचारले, गाव विचारले. हेदवी म्हटल्यावर दशभुज गणपतीचे नाव काढून हात जोडले. मग विचारले, "वाडी कुठली?" कोकणात वाडी विचारली की पुढचे सगळे विचारून होते. मी वाडी सांगितली. खोली आधीच दुसऱ्याला कबूल केली होती, असे मला दुसऱ्या दिवशी कळले. त्यानंतर एम.ए. झालो, या शाळेत आलो, शेकडो विद्यार्थ्यांना ताठ मानेने जगा म्हणून सांगितले. पण तो प्रश्न कुठेतरी आत राहून गेला होता, आणि त्या दिवाळीत तोच माझ्या तोंडून बोलला.

याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की ज्या विषयावर मी दर 14 एप्रिलला व्याख्यान देतो तोच हा विषय होता. बाबासाहेब 1922 मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि 1923 मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. त्या काळच्या मुंबई उच्च न्यायालयाची रचना समजून घेतल्याशिवाय त्यांच्यापुढची अडचण समजत नाही. न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला पक्षकाराकडून थेट काम घेता येत नसे. पक्षकार सॉलिसिटरकडे जाई, सॉलिसिटर प्रकरण तयार करी आणि मग आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरच्या हाती कागद देई. म्हणजे विद्या, पदवी आणि सनद हातात असली तरी सॉलिसिटरच्या कचेरीचे दार उघडल्याशिवाय काम मिळत नसे. अस्पृश्य बॅरिस्टरसाठी ते दार उघडले नाही. बाबासाहेबांनी अपील शाखेतील व जिल्हा न्यायालयांतील कामे घेतली, बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसार चालवला, परळच्या दामोदर हॉलमध्ये बसून गोरगरिबांचे कागद पाहिले. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात 1926 साली जेधे-जवळकरांची बाजू घेऊन त्यांना सोडवले. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'चा खटला 1934 मध्ये लढवला आणि तो ते हरले. हरलेला खटलाही मी मुलांना मुद्दाम सांगतो. आपल्या रत्नागिरीच्या धनंजय कीरांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र शाळेच्या ग्रंथालयात आहे. वकिलीच्या आरंभीच्या दिवसांची पाने त्यात हात लागून मऊ झाली आहेत.

ती दुहेरी पद्धत पुढे रद्द झाली. मात्र सॉलिसिटरांच्या त्या कचेऱ्यांतूनच आजच्या मोठ्या लॉ फर्म वाढल्या. मुंबईतील काही फर्म तर एकोणिसाव्या शतकापासून चालू आहेत. तेव्हा आपली मुलगी ज्या दारावर अर्ज घेऊन उभी होती ते दार इतिहासाच्या दृष्टीने नवे नव्हते. आणि मी तिला सांगत होतो की आत जाताना जरा वाकून जा.

पालकांपैकी अनेकांना हे उन्हाळी काम म्हणजे नेमके काय, याची कल्पना नसते. मलाही नव्हती. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक ती करता येत नाही. खालच्या कोर्टात व अपिलात काम करणाऱ्या वकिलाकडे एकदा तरी राहावे लागते. बाकीचे आठवडे न्यायाधीश, स्वयंसेवी संस्था, कंपनी, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा लॉ फर्म यांपैकी कोठेही चालतात. कायद्याने एवढेच मागितले आहे. मात्र मोठ्या फर्ममधील इंटर्नशिपला बाजारात वेगळे मोल आहे, कारण तेथे काम पाहून काही मुलांना शिक्षण संपण्याआधीच नोकरीचा शब्द दिला जातो. अमेरिकेत तर ही पद्धत पक्की रुजली आहे. तेथील मोठ्या फर्म दुसरे वर्ष संपलेल्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात भरघोस पगारावर ठेवून घेतात आणि त्यांतील बहुतेकांना पुढे कायम करतात. इंग्रजी मालिकांतून आपली मुले पाहतात ते चित्र तिकडचे. आपल्याकडे काही फर्म स्टायपेंड देतात, काही देत नाहीत, आणि नोकरीचा शब्द थोड्यांनाच मिळतो.

अर्ज करण्याचीही रीत आहे. उन्हाळ्यात जायचे तर आदल्या पावसाळ्यात किंवा फार तर दिवाळीत अर्ज करावा लागतो. ज्यांच्या महाविद्यालयात यासाठी समिती असते त्यांचे अर्ज एकत्र जातात. इतरांनी स्वतः ई-मेल पाठवायचा. सोबत एका पानाचे पत्र आणि दोन पानांचा बायोडाटा. सगळ्या फर्मना एकच पत्र पाठवले की ते वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळते, असे ती मला नंतर म्हणाली. तिने अकरा ठिकाणी अर्ज केले. नऊ ठिकाणांहून उत्तरच आले नाही. एकाने जागा भरल्याचे कळवले. एकाने मे महिन्यात या म्हटले.

ती फर्म लोअर परळला होती. हे ऐकून मी थोडा वेळ गप्प राहिलो. माझे वडील तिथल्याच एका गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. त्या वर्षी आमची बिऱ्हाडाची खोली सुटली आणि आम्ही हेदवीला परत आलो. आता त्या भागात काचेच्या इमारती आहेत. त्यांतल्या एकीच्या बाराव्या मजल्यावर आपल्या शाळेची मुलगी पास गळ्यात अडकवून जाणार होती. वडील असते तर त्यांनी कुठल्या मजल्यावर काय आहे ते विचारले नसते. ती जागा कुठल्या खात्याची होती, एवढेच विचारले असते.

खर्चाचे सांगतो, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. मामीच्या घरी नालासोपाऱ्याला ती राहिली म्हणून भाडे वाचले. तरी काळा कोट, पांढरे सदरे, काळे बूट, रेल्वेचा पास, दुपारचे जेवण मिळून घरच्यांना आधी पैसे उभे करावे लागले. स्टायपेंड आला तो काम संपल्यानंतर महिन्याने. ज्या घरात आधी खर्च आणि मग पैसे हे गणित बसत नाही त्या घरातला मुलगा तेवढ्यावरूनच अर्ज करीत नाही. माजी विद्यार्थी संघाने यासाठी काही करावे, असे मी या निमित्ताने सुचवतो.

पहिला आठवडा कंटाळवाणा गेला. तिला वाटले होते की मोठ्या खोलीत बसून खटल्याची चर्चा ऐकायला मिळेल. प्रत्यक्षात शेकडो पानांच्या संचाला पृष्ठक्रमांक घालणे, अनुक्रमणिका तपासणे, प्रकरणातील घटनांची तारीखवार यादी करणे आणि एस.सी.सी. किंवा मनुपात्र या संगणकीय संग्रहांतून निवाडे शोधून काढणे हे काम होते. तारखांच्या यादीबद्दल ती जे म्हणाली ते इतिहासाच्या शिक्षकाला आवडावे असेच होते. कोणती तारीख घ्यायची आणि कोणती गाळायची, यातच अर्धा युक्तिवाद असतो, असे तिच्या वरिष्ठ असोसिएटने तिला सांगितले होते. पहिल्या दिवशी गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली गेली. कार्यालयातले काहीही बाहेर बोलायचे नाही, मोबाइलवर छायाचित्र काढायचे नाही. म्हणून पुढे जे लिहितो आहे त्यात पक्षकार नाही, जमीन नाही, गाव नाही. तिने ते मलाही सांगितले नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

दुसऱ्या आठवड्यात एका कामासाठी कोकणातल्या जमिनींच्या मालकी हक्काचा तपास आला. सातबारे, जुने फेरफार, दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांच्या नोंदी. बरेच फेरफार हाताने लिहिलेले, तलाठ्याच्या अक्षरातले. सोबतची मुले नामांकित विद्यापीठांची, इंग्रजी अस्खलित. त्यांतल्या काहींना मराठी येत होते, पण सातबारा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. असोसिएटने विचारले, हे कोणाला वाचता येईल?

येथे मला थोडे मागे जावे लागेल. नववीच्या वर्गाला मी दरवर्षी घरचा सातबारा आणायला सांगतो. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी शेजाऱ्यांचा आणायचा. जमीन का नाही, हाही धड्याचा भाग असतो. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याआधी 1929 मध्ये ते चिपळूणला शेतकरी परिषदेचे अध्यक्ष होते. प्रत्यक्ष खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. हे सारे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपते. म्हणून मी मुलांना कागद पाहायला लावतो. कब्जेदार कोण, 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिले आहे, फेरफाराचा क्रमांक कुठे सापडतो. एका वर्षी एका मुलाच्या आजोबांनी पिशवीतून असा कागद काढून दिला की त्यावर खोताचे नाव पाहून वर्ग पाच मिनिटे बोलला नाही. परीक्षेत याला एकही गुण नाही, म्हणून काही पालकांनी तक्रारही केली होती.

तर तिने हात वर केला. चार दिवस ती ते फेरफार वाचत बसली. एका गटाच्या इतर हक्कांत कूळ कायद्याच्या कलम 43 च्या बंधनाची नोंद होती. कुळाला कायद्याने मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, हे तिला नववीपासून माहीत होते. तिने टिपण लिहिले की ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येणार नाही. संध्याकाळी ते टिपण लाल शाईने भरून परत आले. 2014 च्या दुरुस्तीप्रमाणे कुळाने जमीन विकत घेतल्यास दहा वर्षे उलटली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून, पूर्वपरवानगीविना ती विकता येते. ही दुरुस्ती तिने पाहिलीच नव्हती. असोसिएटने समासात लिहिले होते की नोंद अचूक वाचली आहे, कायदा जुना वाचला आहे.

ती चूक तिची जेवढी, तेवढीच माझी. मी नववीला कूळ कायदा शिकवताना 1957 च्या कृषक दिनापाशी थांबतो, कारण इतिहासाच्या शिक्षकाला तिथे थांबणे सोयीचे असते. आता थांबत नाही. तिने ते टिपण रात्री पुन्हा लिहिले आणि सकाळी ते कोणत्याही खुणेविना पुढे गेले.

जेवणाच्या वेळचे मात्र कोणी शिकवलेले नव्हते. कोणत्या विद्यापीठाची, प्रवेश परीक्षेत क्रमांक किती, वडील काय करतात, कोणाच्या ओळखीने आलीस, असे प्रश्न तिला तीन-चार दिवसांत विचारून झाले. कोणी वाईट बोलले नाही. क्रमांकाच्या प्रश्नामागे आरक्षणाचा प्रश्न असतो हे तिला कळत होते, विचारणाऱ्याला ते तिला कळते आहे हेही कळत होते. वडील एस.टी.त मेकॅनिक आहेत असे तिने सांगितले तेव्हा एका मुलीने मनापासून "किती छान" म्हटले, आणि त्या "छान"चे काय करावे हे तिला समजेना. ओळखीच्या प्रश्नाला तिने उत्तर दिले की ई-मेलने आले. टेबलाभोवतीच्या सहांत तशी ती एकटीच होती.

शेवटच्या दिवशी फर्मच्या एका भागीदाराने प्रत्येक इंटर्नला दहा मिनिटे बोलावले. समोर तिचा बायोडाटा होता. त्यांनी पेन्सिलीने एका ओळीवर खूण केली होती. म्हणाले, "हेदवी म्हणजे गुहागरजवळ? ही शाळा कसली आहे?"

म्हणजे ओळ तिने ठेवली होती. मला न सांगता.

तिने सांगितले. निवासी शाळा आहे, बौद्ध समाजाने चालवलेली, सकाळी बुद्धवंदना होते, वर्गात सातबारा वाचायला शिकवतात. ते ऐकत राहिले, म्हणाले की सातबाऱ्याचे टिपण त्यांनी पाहिले आहे, आणि मग पुढच्या मुलाला बोलावले. त्यांच्या मनात काय आले ते मला माहीत नाही, तिलाही नाही. तिला प्रमाणपत्र मिळाले. नोकरीचा शब्द मिळाला नाही. त्या तुकडीतल्या दोघांना मिळाला. कारण सांगण्याची पद्धत तिथे नाही. शाळेच्या त्या ओळीमुळे मिळाला नाही, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला पुरावा नाही. ओळीमुळे काही बिघडले नाही, असेही मला म्हणता येत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी एवढ्यावरच थांबतो.

पुढच्या सुट्टीत तिने चिपळूणच्या कोर्टात एका वकिलांकडे चार आठवडे काढले. तेथे तिला साक्षीदाराची उलटतपासणी जवळून पाहायला मिळाली, जी बाराव्या मजल्यावर दिसत नाही. तरीही दोन्हींपैकी पुन्हा कुठे जाशील, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, फर्मला. तिथलं मला अजून यायचंय." मला दुसरे उत्तर आवडले असते, हे कबूल करतो. कायदा शिकलेल्या मुलांनी आपल्या माणसांच्या कोर्टात उभे राहावे असे आमच्या पिढीला वाटते. पण सॉलिसिटरांचे दार ज्यांच्यासाठी उघडले नाही त्यांचे नाव घेणाऱ्या माणसाने, त्या दारातून आत जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला परत फिर म्हणू नये.

बुद्धपौर्णिमेला ती शाळेत आली होती. भोजनानंतर आम्ही दोघे व्हरांड्यात बसलो. मी तिला म्हणालो, "त्या दिवाळीत मी तुला चुकीचं सांगितलं."

"सर, मला माहीत होतं तुम्ही असंच सांगणार."

"मग विचारलंस कशाला?"

ती हसली. "तुम्ही 'टाक' म्हणालात तर बरं वाटेल म्हणून."

याच वर्षी आपला एक माजी विद्यार्थी रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयातून फर्मसाठी अर्ज करतो आहे. त्याने बायोडाटा तपासायला पाठवला. दहावीपुढे फक्त मंडळाचे नाव होते. मी त्याला फोन करून आधी अर्जाच्या तारखा सांगितल्या, मग कलम 43 ची दुरुस्ती वाचून ठेव म्हटले, आणि मग त्या मोकळ्या जागेबद्दल विचारले. तो गप्प राहिला. मी त्याला तिचा नंबर दिला आहे.